धाराशिवच्या आमदाराचे १७५

२०२२ च्या राष्ट्रपती निवडणुकीत उमरगा, तुळजापूर, धाराशिव आणि परांडा या धाराशिव जिल्ह्यातल्या चार मतदारसंघांच्या आमदारांचे एकत्रित मतमूल्य होते ७००. एका खासदाराच्या मताचे मूल्यही नेमके तेवढेच होते. हा मेळ योगायोगाने बसला, पण आकडे मात्र राज्यघटनेच्या ५५ व्या कलमातून आलेले आहेत.

राज्याच्या लोकसंख्येला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचे आणि आलेल्या उत्तराला हजाराने. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची माणसे ५,०४,१२,२३५, आमदार २८८, म्हणून १७५. उत्तर प्रदेशात हेच मूल्य २०८, गोव्यात २०, सिक्कीममध्ये ७. देशभरच्या आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज निवडून आलेल्या खासदारांत वाटली की खासदाराचे मूल्य मिळते. त्यामुळे सगळी राज्ये मिळून आणि संसद यांचे वजन जवळजवळ सारखे राहते. मला यातली मोलाची गोष्ट वेगळीच वाटते: राज्याच्या आत भेद नाही. परांड्याच्या आमदाराचे १७५, मलबार हिलच्याही आमदाराचे १७५.

घटना समितीत के. टी. शहांनी राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा असा आग्रह धरला होता. खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे ठेवायची तर एवढी मोठी निवडणूक कशासाठी, हा नेहरूंचा मुद्दा सभागृहाने मानला. ती समितीही १९४६ मध्ये प्रांतिक विधिमंडळांनी, साधारण दहा लाख लोकांमागे एक सदस्य या प्रमाणात, एकल संक्रमणीय मताने निवडली होती. लोकसंख्येचे वजन आणि पसंतीक्रमाचे मत, हे दोन्ही धागे राष्ट्रपतींच्या निवडणुकीतही दिसतात. पण त्या सभागृहात धाराशिवचा आवाज नव्हता. जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबादच्या वाट्याच्या जागा शेवटपर्यंत रिकाम्याच राहिल्या.

पुढे तर या भूमीने राष्ट्रपतिपदाच्या पहिल्या तीन निवडणुकांत तीन वेगवेगळ्या राज्यांतून मत दिले: १९५२ मध्ये हैदराबाद, १९५७ मध्ये द्विभाषिक मुंबई, १९६२ मध्ये महाराष्ट्र. गावे तीच, भाजक आणि भाज्य दर वेळी नवे.

आजचे १७५ हे १९७१ च्या जनगणनेचे आहे. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो आकडा गोठवला. ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली. १९७१ च्या त्या मोजणीत लातूरही उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातच होते; ते वेगळे झाले १९८२ मध्ये. १९७१ च्या मोजणीनंतर जन्मलेल्या एकाही माणसाचा त्या १७५ मध्ये हिशेब नाही. लोकसंख्या आवरल्याची दक्षिणेतल्या राज्यांना शिक्षा नको हे मला पटते. पण पन्नास वर्षांत जन्मलेली माणसे हिशेबाबाहेर ठेवणे हा त्यावरचा उपाय मला न्याय्य वाटत नाही.

२०११ ची लोकसंख्या धरली तर महाराष्ट्राच्या आमदाराचे मतमूल्य ३९० होते आणि उत्तर प्रदेशाचे ४९६. तमिळनाडू आज १७६ वर, म्हणजे आपल्यापेक्षा एकाने पुढे आहे. २०११ च्या हिशेबात ते ३०८ वर राहते.