मधलं कुणीतरी

तबकडीचे फोन जाऊन जमाना झाला, तरी आमच्या घरात फोन अजून 'फिरवला'च जातो. ऑफिसात मात्र आता फिरवायला नको आणि बटणं दाबायलाही नकोत. सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांची माहिती ठेवायच्या संगणकातल्या वहीत, नंबरावर टिचकी मारली की फोन लागतो. ही सोय आमच्या लहानशा कंपनीत बसवायचं काम यंदा माझ्याकडे आलं आणि त्या निमित्ताने बरंच जुनं वाचून झालं. त्यातलं थोडं इथे सांगतो.

सुरुवात एका अंत्यविधीच्या व्यावसायिकापासून होते! आल्मन स्ट्रॉजर हा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हा धंदा करायचा. गोष्ट अशी सांगतात की त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको टेलिफोन ऑपरेटर होती, आणि स्ट्रॉजरसाठी आलेले फोन ती नवऱ्याकडे वळवायची. खरंखोटं कोण जाणे, पण स्ट्रॉजरने ऑपरेटरच नको असलेलं एक्स्चेंज शोधून काढलं हे नक्की. १८९१ साली त्याला पेटंट मिळालं आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी तसं एक्स्चेंज सुरू झालं. त्याच्या आधी आपण नंबर सांगायचा आणि कुणीतरी तो जोडून द्यायचं. स्ट्रॉजरने त्या मधल्या 'कुणीतरी'ला काढून टाकलं. यंत्राला बायको नाही, नवरा नाही, धंदा नाही. ते कुणाची बाजू घेणार?

आपल्याकडे ही मधली मंडळी बराच काळ टिकली. परगावी थेट फोन लावायची सोय, म्हणजे एस.टी.डी., १९६० साली लखनौ-कानपूरपासून सुरू झाली आणि तिथून हळूहळू पसरली. तोवर आणि त्यानंतरही कित्येक गावांत ट्रंक कॉल. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग! माझी मावशी सत्तरच्या दशकात ट्रंक बोर्डावर होती हे घरच्या वाचकांना ठाऊक आहेच. ती सांगायची की कॉल बुक करून माणूस फोन ठेवून द्यायचा. लाइन मिळाली की ऑपरेटर आधी बुक करणाऱ्याला फोन करायची, "बोला" म्हणायची, आणि पलीकडचा माणूस जोडून द्यायची. प्रत्येक कॉलचं एक तिकीट: कुठून, कुठे, किती वाजता, किती मिनिटं. कानावर काय काय पडायचं ते मात्र मावशीने कधी घरी आणलं नाही.

आता संगणकाकडे वळू. १९८१ साली हेज कंपनीचा स्मार्टमोडेम आला. त्याला संगणकावरून 'एटीडीटी' ही चार अक्षरं आणि पुढे नंबर पाठवला की तो स्वतः फोन लावायचा. १९८४ मध्ये बोरलँडच्या साइडकिक या छोट्या प्रोग्रॅममध्ये टिपणवही आणि कॅलक्युलेटरच्या शेजारीच असा फोन लावून देणारा भागही होता. टिचकीने लागणाऱ्या फोनाचे खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलने कुठल्याही प्रोग्रॅमला फोनशी बोलता यावं म्हणून 'टॅपी' काढलं. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर या तरुणाने महागडं एक्स्चेंज परवडत नाही म्हणून ॲस्टेरिस्क नावाचं स्वतःचंच लिहायला घेतलं आणि फुकट वाटलं. आमच्यासारख्या दहा-बारा माणसांच्या कंपनीत एक्स्चेंज आलं ते त्यामुळे.

बसवताना खरा वेळ गेला तो नंबर निवडण्यात, तांदूळ निवडावेत तसा. यंत्राला नंबर एकाच रीतीने लिहिलेला लागतो: अधिकचं चिन्ह, ९१, पुढे दहा आकडे. आमच्या यादीत एकाच खान्यात दोन नंबर, मध्ये तिरकी रेघ. कुठे आधी शून्य, कुठे गावाचा कोडच नाही. कुठे 'दुपारी ४ नंतर', कुठे 'हा मेव्हण्याचा, निरोप देतात'. शिवाय १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावं लागतं, तेव्हा बाहेरची लाइन लँडलाइनची असेल तर ते शून्य एक्स्चेंजने आपणहून जोडायला हवं. आकडे एका खान्यात घातले. मेव्हणे आणि दुपारचे चार मात्र पुसले नाहीत, त्यांना शेजारी वेगळा खाना दिला. फोन कधी करावा हे शेवटी तिथेच कळतं.

आणि आता गंमत बघा. आमच्याकडे टिचकी मारली की ग्राहकाचा फोन आधी वाजत नाही. आधी आपल्याच टेबलावरचा फोन वाजतो. आपण उचलला की मग एक्स्चेंज पलीकडचा नंबर लावून दोघांना जोडून देतं. म्हणजे हुबेहूब मावशीची पद्धत! तिकीटही आहे: कुणी, कुणाला, किती वाजता, किती सेकंद. स्ट्रॉजरने हाकललेलं मधलं कुणीतरी शंभरेक वर्षांनी मागच्या दाराने परत येऊन बसलंय.

फरक एवढाच की मावशीचं तिकीट बिलासाठी होतं. आमचं तिकीट साहेबांसाठी. ग्राहकांना फोन करणाऱ्या आमच्या ताई आजवर स्वतःच्या वहीत टिपणं ठेवायच्या. नवी सोय दाखवल्यावर त्यांनी एकच विचारलं, "एखाद्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाशी वीस मिनिटं बोलले, तर त्या दिवशी माझे कॉल कमी दिसणार ना?" दिसणारच होते. रोजच्या अहवालात पहिला रकाना कॉलच्या संख्येचा होता.

यंत्र कुणाची बाजू घेत नाही हे खरं, पण कुठला रकाना आधी ठेवायचा ते माणूसच ठरवतो, आणि बाजू तिथे घेतली जाते. मी साहेबांशी बोललो. संभाषणाचं रेकॉर्डिंग बंद ठेवायचं ठरलं. अहवालात काम झालं की नाही हा रकाना पहिला आला. संख्येचा रकाना काही निघाला नाही, तो शेवटी गेला. ताईंची वही अजून टेबलावर आहे, आणि मला ते बरं वाटतं.

असो. तुमच्या घरात कुणी ट्रंक बोर्डावर काम केलेलं असेल तर जरूर लिहा. मावशीला वाचून दाखवीन.