परदेशप्रवास आणि क्रेडिट कार्ड

परक्या देशातले बिल तिथल्या चलनात आज चुकवायचे आणि त्याचे रुपये आपल्या बँकेला पुढे भरायचे, अशी ही क्रेडिट कार्डाची सोय. नवीन जालन्याच्या बाजारपेठेला ती तत्त्वतः नवी नाही. जालना निजामाच्या मुलखात होते तेव्हा इथे हैदराबाद संस्थानाचा हाली सिक्का चाले. जवळचे देऊळगाव राजा मात्र इंग्रजांच्या कारभाराखालच्या वऱ्हाडात, म्हणजे कळदार रुपयाच्या हद्दीत. साधारण सात हाली म्हणजे सहा कळदार, असा हिशेब असे. परगावी रोकड नेण्याऐवजी व्यापारी हुंडी नेत. दाखवताच वटणारी ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी वटणारी ती मुदती. या व्यवहारापोटी जी रक्कम द्यावी लागे ती हुंडणावळ. हाली सिक्का १९५० च्या दशकात चलनातून गेला. आज बियाणे किंवा सळईच्या व्यवसायातला माणूस दुबईला निघतो तेव्हा त्याच्या खिशात कार्ड असते. हुंडणावळ मात्र सुटलेली नाही. तिला आता मार्कअप म्हणतात.

पुष्कळ कार्डांवर हा मार्कअप दोन ते साडेतीन टक्के असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. पन्नास हजार रुपयांइतक्या खरेदीवर साडेतीन टक्क्यांनी १,७५० रुपये आणि त्यावरचा कर ३१५, म्हणजे २,०६५ रुपये जादा. काही कार्डांना मार्कअप नसतो, म्हणून निघण्यापूर्वी आपल्या कार्डाचे दरपत्रक वाचावे. शिवाय चलनाचा दर कार्ड टेकवल्याच्या क्षणाचा असेलच असे नाही. व्यवहार पुढे हिशेबात चढतो त्या दिवसाचाही लागू शकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक मशिनच्या पडद्यावर होते. दुकानदाराचे मशिन विचारते, पैसे रुपयांत द्यायचे की स्थानिक चलनात? ओळखीचा रुपया पाहून माणूस निश्चिंत होतो. पण रुपया निवडला की दर दुकानदाराच्या बाजूची यंत्रणा ठरवते आणि स्वतःचा नफा त्यातच धरते. वर आपली बँकही काही कार्डांवर वेगळे शुल्क लावते. दुबईत दिरहम, सिंगापुरात सिंगापूर डॉलर, हेच निवडावे. पावतीवर रुपये छापून आले तर सही करण्याआधी व्यवहार रद्द करायला सांगावे. लाजू नये, तो ग्राहकाचा हक्क आहे.

एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढणे टाळावे. रोख काढण्याचे शुल्क वेगळे, आणि खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत इथे नसते. व्याज पहिल्या दिवसापासून चढते. किरकोळ खर्चासाठी थोडे परकीय चलन जवळ ठेवलेले बरे.

रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवे कार्ड मुळात देशांतर्गत वापरापुरतेच सुरू असते. परदेशी वापर ॲपमधून किंवा बँकेला सांगून चालू करावा लागतो. तिथेच मर्यादाही घालता येते, आणि परत आल्यावर तो बंद करावा. नेपाळ आणि भूतानमध्ये परकीय चलनातल्या व्यवहारांसाठी हे कार्ड चालत नाही.

हॉटेले आणि भाड्याने गाड्या देणारे आगाऊ काही रक्कम अडकवून ठेवतात. ती खर्च झालेली नसते, पण तेवढी मर्यादा कमी होते. अमेरिकेतले पेट्रोलपंप पिनकोड विचारतात आणि आपला सहा आकडी पिनकोड तिथे बसत नाही. अशा वेळी आत जाऊन काउंटरवर पैसे द्यावेत. ओटीपी भारतातल्या नंबरावर येतो, म्हणून ते सिम रोमिंगसह चालू हवे. उलट अनेक परदेशी संकेतस्थळे ओटीपी न मागताच पैसे घेतात, त्यामुळे चोरीला गेलेला कार्ड क्रमांक तिथे सहज वापरला जातो.

परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च सध्या वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवू देणाऱ्या उदारीकृत योजनेत धरला जात नाही. तो धरण्याचा निर्णय मे २०२३ मध्ये झाला होता, पण जूनअखेर सरकारने तो पुढे ढकलला. फॉरेक्स कार्ड आणि डेबिट कार्डाचा खर्च मात्र त्यात मोजला जातो.

कार्ड हरवले तर आधी ॲपमधून ते बंद करावे, मग बँकेला कळवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या नियमांप्रमाणे, चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार केली असेल, तर ग्राहकावर तोटा पडत नाही. बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवावा, कारण कार्डाबरोबर अनेकदा फोनही गेलेला असतो.