कुत्र्यांच्या आहारातील दही

कुत्र्यांच्या आहारातील दही हा पाळीव कुत्र्यांना मुख्य अन्नाखेरीज अधूनमधून दिल्या जाणाऱ्या खाऊचा एक प्रकार आहे. बिनसाखरेचे व बिनमिठाचे साधे दही बहुतेक निरोगी प्रौढ कुत्र्यांना अल्प प्रमाणात चालते. तथापि तो त्यांच्या आहारातील आवश्यक घटक नाही. या संदर्भातील गंभीर अपाय बहुधा दह्यापेक्षा त्यात मिसळलेल्या पदार्थांमुळे होतात. झायलिटॉल, मनुका, चॉकलेट, कांदा व लसूण हे त्यांपैकी प्रमुख होत.

पचन

दुधातील लॅक्टोज या शर्करेचे पचन लहान आतड्यातील लॅक्टेज या विकरामुळे होते. पिल्लांमध्ये हे विकर पुरेसे असते. आईचे दूध सुटल्यानंतर त्याचे प्रमाण घटत जाते. न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोहोचते, आतड्यात पाणी ओढून घेते आणि तेथील जिवाणूंकडून त्याचे किण्वन होऊन वायू व आम्ले तयार होतात. परिणामी पोट फुगणे, वात सरणे व जुलाब ही लक्षणे दिसतात. त्यांची तीव्रता प्रत्येक कुत्र्यात वेगळी असते.

गाईच्या दुधात लॅक्टोजचे प्रमाण सुमारे ४.७ ते ५ टक्के असते. विरजण लागताना जिवाणू त्याचा काही भाग वापरून लॅक्टिक आम्ल तयार करतात. शिवाय लॅक्टोबॅसिलस बल्गारिकस व स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जिवाणूंमधील लॅक्टोज फोडणारे विकर आतड्यातही काही काळ कार्य करते. त्यामुळे दूध न पचणाऱ्या काही कुत्र्यांना थोडे दही पचते. दही टांगून केलेल्या चक्क्यातून पाण्याबरोबर लॅक्टोजचा काही भाग निघून जातो. मात्र स्निग्धांश व प्रथिने एकवटतात. दही पूर्णपणे लॅक्टोजमुक्त नसते.

पोषणमूल्य

गाईच्या दुधापासून केलेल्या १०० ग्रॅम साध्या दह्यातून सुमारे ६० किलोकॅलरी ऊर्जा, ३.५ ग्रॅम प्रथिने, ३.३ ग्रॅम स्निग्ध पदार्थ व १२० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारणतः ६ ते ८ टक्के असल्याने त्याच्या दह्यातील ऊर्जा दीडपटीहून अधिक असते. घरी लावलेल्या दह्यात साय असल्यास हे प्रमाण आणखी वाढते. संतुलित आहार मिळणाऱ्या कुत्र्याला ही पोषकद्रव्ये मुख्य अन्नातूनच मिळत असतात.

दह्यातील जिवाणू पचनास उपकारक असतात, असा समज प्रचलित आहे. प्रत्यक्षात त्यांपैकी बरेचसे जठरातील आम्लात नष्ट होतात व उरलेले कुत्र्याच्या आतड्यात कायमचे वस्ती करत नाहीत. जिवाणूंचे परिणाम त्यांच्या वाणावर व संख्येवर अवलंबून असतात. घरगुती विरजणात या दोन्ही गोष्टी निश्चित नसतात. त्यामुळे कुत्र्यांसाठी तयार केलेल्या, ठरावीक वाणाच्या प्रोबायोटिक औषधांना दही हा समान पर्याय ठरत नाही.

प्रमाण

खाऊच्या स्वरूपात दिलेल्या सर्व पदार्थांची एकत्रित ऊर्जा दैनंदिन गरजेच्या १० टक्क्यांहून अधिक नसावी, असा पशुवैद्यकीय आहारशास्त्रातील सर्वसाधारण नियम आहे. विश्रांत अवस्थेतील ऊर्जेची गरज ७० × (किलोग्रॅममधील वजन)^०.७५ या सूत्राने काढतात. नसबंदी केलेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणतात. त्यानुसार अंदाजे आकडे पुढीलप्रमाणे येतात:

| वजन | दैनंदिन ऊर्जा | १० टक्के मर्यादा |
|---|---|---|
| ५ किग्रॅ | ३७५ किलोकॅलरी | ३७ किलोकॅलरी |
| १० किग्रॅ | ६३० किलोकॅलरी | ६३ किलोकॅलरी |
| २० किग्रॅ | १,०६० किलोकॅलरी | १०६ किलोकॅलरी |
| ३० किग्रॅ | १,४३५ किलोकॅलरी | १४३ किलोकॅलरी |

ही मर्यादा बिस्किटे, मांसाचे तुकडे, पोळी इत्यादी सर्व वरखाऊ मिळून आहे, म्हणून एकट्या दह्याचे प्रमाण याहून बरेच कमी ठेवले जाते. व्यवहारात लहान कुत्र्याला एक ते दोन चहाचे चमचे व मोठ्या कुत्र्याला एक ते दोन मोठे चमचे दही पुरेसे होते. प्रथम एक लहान चमचा देऊन पुढील २४ तास शौच, उलटी व खाज यांवर लक्ष ठेवतात. त्रास झाल्यास दही बंद करतात. दही ताजे असावे. बुरशी आलेल्या दुग्धजन्य पदार्थांतील काही विषांमुळे कुत्र्यांना कंप व झटके येऊ शकतात.

धोकादायक मिश्रणे

*झायलिटॉल.* काही ‘शुगर-फ्री’ खाद्यपदार्थांत वापरला जाणारा हा गोड पदार्थ माणसांसाठी सुरक्षित मानला जातो. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्यामुळे इन्सुलिन वेगाने स्रवते व रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे ०.१ ग्रॅम मात्रेपासून हा परिणाम संभवतो. म्हणजेच १० किलोग्रॅमच्या कुत्र्याला १ ग्रॅम झायलिटॉलही घातक ठरू शकते. ०.५ ग्रॅमहून अधिक मात्रेत यकृताला इजा होण्याचा धोका असतो. उलटी, अशक्तपणा, झोकांड्या व झटके ही लक्षणे अर्ध्या तासातही दिसू शकतात किंवा काही तास लांबू शकतात. वेष्टनावर हा पदार्थ ‘९६७’ या क्रमांकाने नोंदलेला असू शकतो.

*द्राक्षे व मनुका.* यांमुळे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे तीव्रपणे निकामी होतात. टार्टारिक आम्ल हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. सुरक्षित मात्रा ठरलेली नसल्याने मनुका घातलेले श्रीखंड, रायते अथवा फळांचे दही वर्ज्य आहे.

*कांदा व लसूण.* यांतील गंधकयुक्त संयुगांमुळे तांबड्या रक्तपेशींचा नाश होऊन रक्तक्षय होतो. दर किलोग्रॅम वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांद्यामुळे रक्तात लक्षणीय बदल होतात. कमी मात्रा वारंवार दिल्यासही अपाय संभवतो. शिजवल्याने किंवा वाळवल्याने विषारीपणा जात नाही. हिरड्या फिकट पडणे, धाप लागणे व लघवी गडद होणे ही लक्षणे अनेकदा काही दिवसांनी दिसतात. त्यामुळे खाल्लेल्या कोशिंबिरीशी किंवा कढीशी त्यांचा संबंध मालकाच्या लक्षात येत नाही.

*इतर पदार्थ.* चॉकलेटमधील थिओब्रोमिन कुत्र्यांच्या हृदयाला व मज्जासंस्थेला घातक असते. श्रीखंड, लस्सी व मिष्टी दोई यांत साखर फार असते. श्रीखंडातील जायफळही कुत्र्यांसाठी योग्य नाही. मसाला ताक व मठ्ठा यांत मीठ असते.

दही कोणाला देऊ नये

* स्वादुपिंडदाह झालेले अथवा त्याकडे कल असलेले कुत्रे, उदाहरणार्थ मिनिएचर श्नाउझर. यांना स्निग्ध पदार्थ अपायकारक ठरू शकतात.
* दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असलेले कुत्रे. ही स्थिती लॅक्टोज न पचण्याहून वेगळी असून तीत खाज व कानाचे वारंवार होणारे विकार आढळतात. अन्नामुळे त्वचाविकार झालेल्या २९७ कुत्र्यांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात १७ टक्के कुत्र्यांमध्ये दुग्धजन्य पदार्थ कारणीभूत होते. गोमांसाखालोखाल हेच प्रमाण सर्वाधिक होते.
* दूधपिती पिल्ले. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिने व स्निग्धांश अधिक आणि लॅक्टोज कमी असल्याने दही त्याची जागा घेऊ शकत नाही.
* स्थूल, मधुमेही किंवा पशुवैद्याने ठरवून दिलेल्या पथ्यावर असलेले कुत्रे. यांच्याबाबतीत आधी पशुवैद्याचा सल्ला आवश्यक असतो.

औषधांशी आंतरक्रिया

दह्यातील कॅल्शियम टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविकांशी संयोग पावते व औषधाचे शोषण घटते. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या एर्लिकिओसिसवर डॉक्सिसायक्लिन हे प्रमुख औषध आहे. त्यावर हा परिणाम तुलनेने कमी होत असला, तरी गोळी दह्यात कालवून देणे टाळणे इष्ट ठरते.

महाराष्ट्रातील प्रथा

महाराष्ट्रातील अनेक घरांत कुत्र्यांना, विशेषतः उन्हाळ्यात, दहीभात दिला जातो. शिजवलेला भात कुत्र्यांना पचतो; लांडग्यांच्या तुलनेत कुत्र्यांमध्ये पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज विकराच्या जनुकाच्या प्रती अधिक असतात, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. तथापि रोजचे संपूर्ण अन्न म्हणून दहीभात अपुरा आहे. त्यातून पुरेशी प्रथिने, आवश्यक मेदाम्ले, लोह व जस्त मिळत नाहीत. घरातील माणसांसाठी केलेल्या दहीभातात मीठ, मिरची व फोडणी असल्याने कुत्र्यासाठीचा भाग आधीच वेगळा काढणे योग्य असते.

दही ‘थंड’ असल्याने उन्हापासून रक्षण करते, ही समजूतही आढळते. कुत्रे मुख्यतः धापा टाकून शरीराचे तापमान कमी करतात. सावली, वारा व पिण्याचे पाणी यांची जागा दही घेऊ शकत नाही. उष्माघात झालेल्या कुत्र्याला दही भरवण्यात वेळ न घालवता त्याचे अंग पाण्याने भिजवून वारा घालणे व त्वरित पशुवैद्याकडे नेणे आवश्यक असते.

विषबाधेचा संशय आल्यास

लक्षणे दिसण्याची वाट न पाहता पशुवैद्याशी संपर्क साधावा. पदार्थाचे वेष्टन, खाल्लेले अंदाजे प्रमाण, वेळ व कुत्र्याचे वजन ही माहिती उपचारासाठी उपयुक्त ठरते. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे धोकादायक असते, कारण त्यामुळे रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत वाढू शकते.

हे सुद्धा पहा

* कुत्रा
* दही
* लॅक्टोज
* झायलिटॉल
* श्रीखंड