टाका शाबूत, पाटा मोडला

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज एका जुन्या गाडीची आणि तिला मारलेल्या टाक्यांची गोष्ट सांगायची आहे. टाके म्हणजे वेल्डिंगचे.

माझ्या काकांकडे एक जीप होती. सरकारी लिलावात घेतलेली, उंच बॉनेटची, कापडी हुडाची. मी कॉलेजात असताना तिच्या मागच्या पाट्यांपैकी सर्वांत वरच्या, मुख्य पाट्याला तडा गेला. घरात लग्न, नवा पाटा तालुक्याला मिळेना आणि जिल्ह्याला जायला कुणाला सवड नाही. तेव्हा एस. टी. स्टँडजवळच्या वेल्डरने तो तडा रॉडने भरून दिला. काम देखणे होते. मासळीचे खवले एकावर एक बसावेत तसा तो जोड दिसत होता. काका खूश झाले. तिसऱ्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी ‘खाड्’ असा आवाज झाला आणि गाडी एका अंगाला बसली. घाट अजून लागायचा होता म्हणून बरे. आम्ही नऊ जण होतो, त्यात दोन लहान मुले.

काकांनी त्या वेल्डरला बोलावून घेतले आणि मोडका पाटा त्याच्यापुढे टाकला. त्याने तो उचलला, उलटसुलट पाहिला आणि शांतपणे म्हणाला, “अण्णा, माझा टाका बघा की. हाय तसा हाय. पाटा मोडलाय.” खरेच, जोड जिथल्या तिथे होता. पाटा मोडला होता तो जोडाला लागून, जेमतेम अर्ध्या बोटावर.

काकांना वाटले, हा हात झटकतो आहे. पुढे मी स्वतः धातूंचे शिक्षण घेतले तेव्हा कळले, की तो माणूस अक्षरशः खरे बोलत होता. वेल्डिंगचा बराचसा इतिहास त्याच्या त्या एका वाक्यात आहे. जोड टिकतो आणि जोडाच्या शेजारचे मोडते.

असे का होते? पोलाद वितळते ते सुमारे १५०० अंश सेल्सिअसला. वेल्डिंगच्या ठिणगीखाली तेवढी उष्णता एका इवल्या जागेत उतरते आणि भोवतालचे थंड पोलाद ती झपाट्याने शोषून घेते. लोहार विळा तापवून पाण्यात बुडवतो, त्याला आपण ‘पाणी देणे’ म्हणतो. इथे नकळत तेच घडते. पाट्याच्या पोलादात कार्बन जास्त असतो. अशा पोलादाला असे अवचित पाणी मिळाले, की जोडाशेजारची पट्टी काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते. पाट्याचे काम तर लवण्याचे. काच लवत नाही, ती फुटते.

आता या गाडीच्या जन्माकडे वळू, कारण जीप आणि वेल्डिंग ही एकाच युद्धात वयात आलेली भावंडे आहेत. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन सैन्याने १३५ कारखानदारांकडे एका हलक्या, चारही चाके ओढणाऱ्या गाडीची मागणी पाठवली. नमुना तयार करायला मुदत दिली ४९ दिवसांची! पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बँटम ही छोटी, डबघाईला आलेली कंपनी पुढे झाली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने दोन दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदतीच्या अखेरच्या दिवशी, गाडी मेरिलँडमधल्या होलाबर्ड छावणीत पोहोचली. पुढे मुख्य कंत्राट मिळाले ते ओहायो राज्यातल्या टोलेडोच्या विलिज कंपनीला, आणि तिच्याच आराखड्यावर फोर्डनेही गाड्या बनवल्या. दोघांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीप काढल्या.

या गाडीचे चपटे मडगार्ड, सपाट बाजू, सरळ कोपरे पाहून कुणाला ती ओबडधोबड वाटेल. पण त्या साधेपणामागे हिशेब होता. वळणदार पत्र्याला मोठे साचे लागतात आणि साचे बनवायला महिने लागतात. सपाट पत्रा कापायचा, वाकवायचा आणि जोडायचा एवढेच असते. म्हणूनच तर आजही एखादा कुशल डेंटर जीपचे मडगार्ड साध्या पत्र्यातून घडवू शकतो. त्याच काळातल्या एखाद्या गोलाईदार मोटारगाडीचे घडवताना त्याला घाम फुटेल.

जीपच्या तोंडाचीच गोष्ट घ्या. विलिजच्या पहिल्या सुमारे पंचवीस हजार गाड्यांची पुढची जाळी लोखंडी पट्ट्या एकेक करून वेल्डिंगने जोडून बनवलेली होती, आपल्याकडच्या खिडकीच्या गजांसारखी. फोर्डच्या लोकांनी तीच जाळी एका पत्र्यातून, दाबयंत्रावर एका फटक्यात काढली, नऊ फटींची. ती हलकी होती, स्वस्त होती आणि तिच्यात एकही जोड नव्हता. १९४२ मध्ये विलिजनेही ती उचलली. आज जगभर ओळखला जातो तो जीपचा चेहरा फोर्डच्या कारखान्यातला. नागरी जीपमध्ये पुढे त्या नऊ फटींच्या सात झाल्या. जोड टाळता आला तर टाळावा, हा धडा त्या जाळीतच होता.

जोड टाळता येत नव्हता ते जहाजांत. पूर्वी जहाजाचे पत्रे रिव्हेट ठोकून जोडत. युद्धात त्याला वेळ नव्हता. अमेरिकेने लिबर्टी जातीची सुमारे २७०० मालवाहू जहाजे वेल्डिंगने जोडून पाण्यात सोडली. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री ओरेगॉनमधल्या पोर्टलंड बंदरात ‘स्केनेक्टडी’ हे वेल्डिंगनेच बांधलेले नवे कोरे तेलवाहू जहाज धक्क्याला उभे होते. समुद्र नाही, वादळ नाही, शत्रू नाही. प्रचंड आवाज झाला आणि जहाज मधोमध फाटले. सगळ्यांनी बोट दाखवले ते वेल्डरांकडे. काही ठिकाणी काम सदोष होतेही. पण वेल्डिंगच्या जहाजांना असे तडे का जातात, याचा केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी पुढे छडा लावला तेव्हा वेगळेच मूळ सापडले. ते पोलादच थंडीत एका ठरावीक तापमानाखाली ठिसूळ होत होते. रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या काठाशी येऊन थांबे. वेल्डिंगने सगळे जहाज एकसंध झालेले, म्हणून तडा न थांबता धावत सुटे. आमच्या वेल्डरचेच वाक्य, फक्त जहाजाएवढे मोठे.

युद्ध संपले. इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर एक युद्धातली जीप होती. ती मोडली तर पुढे काय, या प्रश्नातून लँडरोव्हर जन्मली. तिचा पहिला नमुना जीपच्याच चासीवर बेतलेला होता. पोलादाला रेशनिंग, म्हणून अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. मोठ्या साच्यांना पैसा नाही, म्हणून पोलादाच्या सपाट पट्ट्या चारी बाजूंनी वेल्डिंग करून चासीच्या पोकळ पेट्या बनवल्या. १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. गरजेपोटी केलेली ही युक्ती कित्येक दशके टिकली. मात्र त्या पेट्यांत पाणी आणि चिखल शिरून आतून गंज चढतो. अशा चासीला बाहेरून ठिगळ लावणारा माणूस पुष्कळदा गंजाच्या पापुद्र्यालाच टाका मारत असतो.

आपल्याकडे जीप आली ती आधी युद्धाबरोबर आणि नंतर मुंबईच्या वाटेने. १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत माझगावला विलिजच्या जीपची सुट्या भागांतून जुळणी होऊ लागली. १९५३ मध्ये विलिजने नव्या, उंच इंजिनासाठी बॉनेट उंच केले. अमेरिकेत ते रूप १९६८ मध्ये थांबले, पण भारतात कित्येक दशके चालू राहिले. गटविकास अधिकाऱ्याची जीप, धरणाच्या कामावरची जीप, निवडणुकीत कर्णा लावून फिरणारी जीप, आणि शेवटी वडाप. वडापच्या जीपला मागे बाके जोडली, पायरी जोडली, टपावर कठडा जोडला. महाराष्ट्राच्या गावोगावच्या वेल्डरांनी या गाडीवर हात बसवला असे म्हणायला हरकत नाही.

आता या गाड्या हौसेने जुन्या रूपात उभ्या करणारी तरुण मंडळी भेटतात. चांगली गोष्ट आहे. फोर्डने आपल्या जीपच्या बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर उमटवले होते; तसे बोल्ट शोधत ही मुले जुना बाजार पालथा घालतात. जे मिळत नाही ते घडवून घेतात. त्यांच्यासाठी चार अनुभवाचे बोल.

जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. जमिनीचा पत्रा गंजला म्हणून टाका मारायला बसाल, तर ठिणगी टाकीपासून हातभरही दूर नसते. टाकी आधी उतरवून लांब ठेवा. आणि रिकामी टाकी सुरक्षित, हा समज तर सर्वांत घातक! भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचे मिश्रण जास्त असते, आणि स्फोट होतो तो त्या मिश्रणाचा. टाकी धुऊन लगेच गॅसची ज्योत लावणाऱ्यांचे हात गेलेले मी पाहिले आहेत. ते काम त्यातल्या जाणकारालाच द्यावे.

युद्धकाळातल्या जीपच्या जमिनीखाली टोपीच्या आकाराच्या आधारपट्ट्या असत आणि त्यांच्या पोकळीत चक्क लाकूड भरलेले असे. ते लाकूड पाणी धरून ठेवते, म्हणून पत्रा आतून सडतो. वरून वेल्डिंग केले, की ते लाकूड आतल्या आत धुमसते. संध्याकाळी शटर ओढून माणसे घरी जातात आणि आग लागते रात्री. काम संपल्यावर तासभर गाडीपाशी बसा, चहा प्या, वास घ्या.

ठिगळासाठी पुष्कळदा जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा वापरतात. जस्त ९०७ अंशांनाच उकळते, म्हणजे पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी. तो पांढरा धूर छातीत गेला, की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो आणि घरचे म्हणतात मलेरिया. साधा पत्रा घ्या, किंवा निदान जोडाच्या जागेवरचे जस्त आधी काढा आणि उघड्यावर काम करा. काच न धरता ‘एकच टाका’ मारणाऱ्याचे डोळे तेव्हा नाही, मध्यरात्री बोलतात, वाळू भरल्यासारखे.

आणि पत्रा. जीपचा पत्रा सव्वा मिलिमीटरच्या आसपास. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग रॉड ओढलात, तर कुठे भोक पडेल आणि जिथे पडणार नाही तिथे पत्रा पापडासारखा वळेल. इथे एक ठिपका, तिथे एक ठिपका, मध्ये हात लावून पाहायचे. हाताला सोसले की पुढचा ठिपका. घाईच्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

चासीला हात लावण्याआधी मात्र दोनदा विचार करा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम काढले. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडीच विंटेज ठरते. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरबदल केलेली नाही. गंज घासता घासता चासीवरचा क्रमांकच ग्राइंडरने घासून टाकणारे महाभाग मला माहीत आहेत. लोखंड परत मिळेल, तो क्रमांक मिळणार नाही.

काकांची जीप पुढे विकली गेली. तो मोडका पाटा मात्र मी ठेवून घेतला होता. विद्यार्थ्यांना शिकवताना तो मी वर्गात फिरवत असे. मुले जोडावर बोट फिरवत आणि म्हणत, “सर, जोड तर छान आहे!” मग मी त्यांना बोट अर्धा इंच बाजूला सरकवायला सांगत असे. तिथे मोडलेली कड होती, करकरीत, दाणेदार, कुठेही न वाकलेली. त्यानंतर त्या धड्याबद्दल फारसे बोलावे लागत नसे.

वेल्डर खोटे बोलला नव्हता. आम्ही नऊ जण ज्या पाट्यावर बसून घाटाकडे निघालो होतो, त्या लोखंडाची जात कोणती, एवढे एकच त्याला कुणी विचारले नव्हते. त्यानेही आम्हांला विचारले नव्हते.