पायाखालची पकड: गोल्फचे बूट, तालमीची माती आणि खाशाबा

कानात हेडफोन असतील आणि बस पुणे-नगर रस्त्यावर कुठेतरी अडकली असेल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच. आज बुटांबद्दल बोलायचंय. ब्रँड आणि सेल वगैरे नाही. पायाखाली काय आहे त्यावर हातातला खेळ कसा बदलतो, त्याबद्दल.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. मी शिरूरचा, घोड नदीच्या काठचा. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. गेल्या पावसाळ्यात टीमसोबत गोल्फच्या सरावाला गेलो. आमच्या घरी गोल्फ म्हणजे चॅनेल बदलताना चुकून दिसणारा खेळ. पायात रोजचे धावायचे बूट, खाली ओलं गवत. दहा चेंडू मारले, त्यातले आठ उजवीकडे पळाले. मी मनगट बदललं, दांडा धरायची पद्धत बदलली, काही उपयोग नाही. शिकवणारे काका दोन मिनिटं नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "हात सोडा साहेब. डावा पाय बघा, सरकतोय."

घरी येऊन हिशेब मांडला, कारण सवयच तशी. उजव्या हाताचा खेळाडू दांडा मागे नेतो तेव्हा वजन उजव्या पायावर जातं. फटका मारताना ते डाव्या पायावर येतं आणि त्या पायाभोवती कंबर फिरते. ताकद जमिनीतून निघते, पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात आणि शेवटी हातात येते. डावा पाय सरकला की ही साखळी मधेच तुटते. दांड्याचं तोंड वेळेवर सरळ होत नाही, उघडं राहतं, चेंडू उजवीकडे निघतो आणि फिरकी मिळाली तर आणखी बाहेर वळतो. दांडा चेंडूला टेकतो तो वेळ साधारण अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात तोंड फक्त १ अंश चुकलं, तर सरळ रेषेचा हिशेब धरूनही २०० यार्डांवर चेंडू साडेतीन यार्ड बाजूला जातो. शिवाय धावायच्या बुटाचा तळ मऊ आणि जाड. तो दबतो, अंग डुलतं, मग दांडा कधी चेंडूआधी मातीत घुसतो, तर कधी वरूनच घासून जातो.

हे गोल्फवाल्यांना फार आधी कळलं होतं. १८५७ साली स्कॉटलंडमध्ये निघालेल्या गोल्फच्या एका पुस्तकात खेळाडूंना सल्ला आहे की, तळाला बारीक खिळे मारलेले दणकट बूट घाला. पुढे स्क्रूने बसवायचे लोखंडी खिळे आले. पकड झकास, पण हिरवळीची चाळण व्हायची. म्हणून १९९० च्या दशकात प्लास्टिकचे मऊ खिळे आले. गंमत म्हणजे याच खेळातला सॅम स्नीड हा अमेरिकेचा दिग्गज लहानपणी अनवाणी खेळत शिकला आणि पुढेही तोल साधायला अनवाणी सराव करायचा. १९५२ च्या एप्रिलमध्ये त्याने मास्टर्स स्पर्धा जिंकली.

१९५२ म्हटल्यावर मराठी माणसाला दुसरंच नाव आठवतं. त्याच वर्षी जुलैमध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, लिएंडर पेसपर्यंत थांबावं लागलं.

खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. वाढले तालमीच्या मातीत. १९४८ ला लंडनला गेले तेव्हा समोर माती नव्हती, मॅट होती. नियमही वेगळे. तरी सहावे आले! मला यातला पायाचा भाग महत्त्वाचा वाटतो. आपली आखाड्याची माती म्हणजे तांबडी माती, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू. त्यात पाय थोडा रुततो, बोटं रोवता येतात. मॅटवर पाय रुतत नाही. तिथे पकड घर्षणावर मिळते, हालचाली झटपट होतात, पट काढायला समोरचा क्षणात खाली शिरतो. खाशाबांचा आवडता डाव ढाक. समोरच्याला आवळून, कंबर फिरवून फेकायचं. पाय रोवून अंग फिरवायचं, म्हणजे गोल्फच्या फटक्यात जे लागतं तेच. फक्त इथे चेंडूच्या जागी साठ किलोचा माणूस असतो आणि तो उलटा जोर लावत असतो!

चार वर्षांत खाशाबांनी मॅटवरची कुस्ती आपलीशी केली. पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. परत आल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आपण मिरवणुकीची गोष्ट सांगतो. मॅटची सांगत नाही.

नेमकं तेच आमच्या घरात घडलं. माझा धाकटा चुलतभाऊ पैलवान आहे. जत्रेच्या हगाम्यात रेवडीच्या कुस्तीपासून सुरुवात केली, आता बऱ्यापैकी इनाम घेतो. मागच्या वर्षी पहिल्यांदा मॅटवर उतरला. मॅटवर बूट लागतातच, म्हणून एका मित्राचे मागून घेतले. दोन नंबर मोठे. डाव टाकायला वळला की बूट जागेवर आणि पाय आतल्या आत फिरायचा. पहिल्याच फेरीत बाहेर. घरी आल्यावर ठपका काय? "मातीतलं पोरगं, मॅटवर घाबरलं." आजोबा म्हणाले, "बूट घालून कुणी देवळात जातं का? आखाड्यात कशाला पाहिजेत?"

आजोबांचं मला कळतं. ते मातीला कपाळ टेकवून आत उतरलेले. पण पोरगं गप्प झालं, आठवडाभर तालमीत गेलं नाही. तेव्हा मला गोल्फवाले काका आठवले. मीही हातांनाच दोष देत होतो ना!

एक सावधगिरी सांगतो. जास्त पकड म्हणजे चांगली पकड असं नाही. पाय घट्ट चिकटला आणि अंग फिरलं, तर पीळ गुडघ्यात जातो. गोल्फमध्येही तेच, कुस्तीतही तेच. म्हणून बूट मापाचा हवा, घोटा धरणारा हवा आणि त्याच्यावर महिनोन्महिने सराव हवा. मैदान बदललं की पाय नव्याने शिकावे लागतात. १९७६ ला मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली, आणि त्याआधी प्रत्येक वेळी पदक आणणारा आपला संघ सातवा आला. ते खेळाडू काय घाबरले होते?

दिवाळीत मी भावाला दुकानात नेलं, पाय मोजून बूट घेतले. आजोबांनी बूट हातात घेतला, तळ दाबून पाहिला, वाकवून पाहिला. म्हणाले, "हलका आहे." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पोराला उठवायला तेच गेले.

या महिन्याअखेर त्याची मॅटवरची दुसरी स्पर्धा आहे. जिंकेल का, माहीत नाही. हरला तर समोरच्या पैलवानाकडून हरेल, बुटाकडून नाही.

तुमच्या घरात, गल्लीत असं एखादं पोरगं असेल, तर "कच्चं आहे" म्हणायच्या आधी एकदा त्याच्या पायाकडे बघा. आणि मग मला कळवा काय दिसलं. चला, भेटू पुढच्या भागात. राम राम!