खुंटी क्रमांक 31

हात घाला. कापडी पिशवी आहे, आत साठ चिठ्ठ्या आहेत आणि तुमच्या आधी वीस-पंचवीस हातांनी त्या ढवळून झाल्या आहेत. रविवार, 5 ऑगस्ट 1979, सकाळचे साडेसहा. इंग्लंडमध्ये, विगनच्या पश्चिमेला, गॅदर्स्टपाशी तुम्ही उभे आहात. चिठ्ठी उघडता: 31. मागचा माणूस तुमच्या खांद्यावरून आकडा वाचतो आणि ‘च्च’ करतो. मासे गरवण्याच्या या स्पर्धेत जाणकार माणूस एवढंच बोलतो.

31 नंबरची खुंटी, म्हणजे काठावरची तुमची बसायची जागा, लॉकच्या अगदी खाली. लॉक म्हणजे कालव्यातली पाण्याची पायरी: दोन्हीकडे दारं, मध्ये हौद, बोट आत घ्यायची आणि पाणी भरून वर चढवायची किंवा पाणी सोडून खाली उतरवायची. दर वेळी हौद रिकामा झाला की लाखो लिटर पाणी तुमच्या पुढ्यात येऊन पडणार. शिवाय ऑगस्ट, शिवाय रविवार. सहलीच्या बोटींचा हंगाम ऐन भरात आहे.

तुम्हाला पुढची चाळीसेक वर्षं ठाऊक आहेत. मार्गारेट थॅचर पंतप्रधान होऊन तीनच महिने झालेत, आणि समोरून सावकाश चालत येणारा तुमचा शेजारी, खुंटी 32चा म्हातारा, कोळशाच्या खाणीत काम करतो. 1984 साली खाणकामगारांचा मोठा संप होणार हे तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही. पण आज दुपारी एक वाजेपर्यंत मासे कालव्याच्या कुठल्या बाजूला राहणार, हे त्याला बरंचसं माहीत आहे. तुम्हाला नाही.

सामान खांद्यावर घ्या आणि चाला. वाट सपाट आहे, कारण ती घोड्यांसाठी केलेली आहे. दोर लावून घोडे इथून मालाच्या बोटी ओढायचे. लीड्स-लिव्हरपूल कालवा, लांबी 127 मैल, काम 1770 साली सुरू झालं ते 1816 साली संपलं. (सरकारी कामं तेवढी रखडतात हा आपला गैरसमज. हे काम खाजगी कंपनीचं होतं.) कोळसा, चुनखडी आणि कापूस यावरून गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद पडला, तेव्हा मुंबई बंदरातून निघालेल्या गाठी लिव्हरपूलला उतरून या मुलखातल्या गिरण्यांत गेल्या. आखूड धाग्याच्या त्या कापसावर इथल्या कामगारांनी भरपूर तोंडसुख घेतलं. आता 1979मध्ये गिरण्याच मिटत चालल्या आहेत. डोक्यावरच्या उंच पुलावरून एम-6 महामार्ग घरघरतोय आणि खाली पाणी चहासारखं, दुधाच्या चहासारखं, उभं आहे.

वेताच्या पेटीवर बसा. पेटी हेच आसन, हेच कपाट. कोकणात ज्याला गरवणं म्हणतात तेच इथे करायचं आहे, फक्त पोटासाठी नव्हे. पकडलेला प्रत्येक मासा जाळीच्या लांब पिशवीत जिवंत ठेवायचा, वजन झालं की परत पाण्यात सोडायचा. आमिषाचा डबा उघडा. आत अळ्या वळवळताहेत, भुसभुशीत तांबूस कोंड्यात. काही अळ्यांचे कोष झालेत. काही अळ्या पितळी रंगात रंगवलेल्या आहेत आणि तो रंग तुमच्या बोटांना लागलाय. काही वर्षांनी या रंगावर कर्करोगाचा संशय घेतला जाईल. सांगू नका, कुणी ऐकणार नाही.

आता शिसं. मोहरीएवढी शिशाची गोळी, मध्ये चीर. चिरेत दोरा बसवायचा आणि गोळी दाताखाली धरून दाबायची. जिभेवर एक गोडसर, थंड चव राहते. अशीच, पण थोडी मोठी शिशाची गोळी हंसांच्या पोटात जाते म्हणून 1987पासून तिच्या विक्रीवर बंदी येईल. आज शेजारचा म्हातारा एकामागून एक पाच गोळ्या दातांनी बसवतो, सुपारी फोडावी तशा. तुम्हीही तेच करता. गळ 22 नंबरचा. नंबर जितका मोठा तितका गळ लहान, आणि हा गव्हाच्या दाण्यातही लपेल.

आठला शिट्टी होते.

तुमचा बेत मोठा आहे. पलीकडच्या काठावर झुडूप पाण्यावर ओणवलंय. त्याच्या सावलीत रोच असणार, कदाचित थाळीसारखा चपटा ब्रीमही. तिथे कोष टाकायचे, तिथेच फ्लोट, म्हणजे दोऱ्यावरची तरंगती खूण, टाकायचा, वाट बघायची. चांगला ब्रीम एकटाच तीन पौंड भरतो, म्हणजे बाकीच्यांनी घरी जावं. म्हातारा मात्र काठापासून जेमतेम दोन-तीन हातांवर चिमूटभर बारीक अळ्या टाकतो आणि गजन उचलतो. गजन म्हणजे बोटाएवढा, तळाशी चरणारा मिशाळ मासा. रोच, ब्रीम, गजन हे सगळे आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातले, पण गजन हा त्या घराण्याचा गरीब भाचा. दर दोन-तीन मिनिटांनी एक. चिमूट, फ्लोट, गजन. तुम्ही मनात हसता.

पावणेनऊला पहिली बोट. मर्यादा ताशी चार मैल, बोट त्याहून हळू. तरीही तिचा पंखा तळाचा गाळ ढवळतो, तुमचा फ्लोट बाटलीतल्या बुचासारखा नाचतो आणि सुकाणूवरचा माणूस टोपीला हात लावून विचारतो, “काही लागतंय का?” लॉकचं दार उघडतं, बोट आत, दार बंद. मग दुसरी बोट वरून. पाणी सुटतं. साचलेला कालवा अचानक नदी होतो; तुम्ही झुडपाखाली टाकलेले कोष तुमच्या देखत पुढच्या खुंटीकडे, म्हणजे म्हाताऱ्याकडे, वाहत जातात.

साडेदहापर्यंत तुमच्या जाळीत दोन मासे आहेत. बोटी सात गेल्या. कुत्रे फिरवणारे चौघे थांबून विचारून गेले, काही लागतंय का. एका कुत्र्याने कोषांच्या डब्यात नाक घातलं.

अकराला झुडपाखाली फ्लोट हळूच आडवा होतो. ब्रीमची हीच खूण. तुम्ही काठी उचलता आणि पलीकडे काहीतरी जड, संथ, बोलणं थांबवणारं वजन लागतं. पाऊण मिनिट. दोरा पौंडभर ताण सोसणारा, म्हणून घाई नाही करायची. आणि वळणावरून भोंगा वाजतो. बोट. थांबा म्हणण्याची सोय नाही. वाहतूक त्यांची, आपण काठावरचे पाहुणे. सुकाणूवरची बाई बिचारी इंजिन बंद करते, पण सतरा-अठरा मीटर लोखंड असं जागच्या जागी उभं राहत नाही. दोरा बोटीच्या बुडाखाली जातो, ताणतो, मग हलका होतो. “सॉरी, लव्ह,” बाई म्हणते. म्हातारा इकडे बघतही नाही. चिमूट, फ्लोट, गजन.

आता तरी. तुम्ही झुडपाकडे पाठ फिरवता, मनाने तरी, आणि काठाशी गजन धरायला लागता. येतात! मोठ्या माशाच्या नादात तीन तास घालवले हे कबूल करायला तीन तास लागले, एवढंच. बारानंतर हात बसतो. एक काढताना मागून कुणीतरी “मॉर्निंग” म्हणतं. दुपार झालेली असते, पण शिष्टाचार म्हणून तुम्ही मान वळवून उत्तर देता, आणि गजन जाळीच्या कडेवर आपटून गवतात, गवतातून पाण्यात. असो. पुढचा.

एकला शिट्टी. रविवारी दुपारी पब बारा ते दोन एवढाच उघडा, त्यामुळे तराजूवाले जवळजवळ पळतच येतात. सोळा औंसांचा पौंड, सोळा ड्रॅमचा औंस. चलन दशमान होऊन आठ वर्षं झाली तरी कालव्यावर अजून हेच चालतं. तुमची जाळी ओतली जाते. 1 पौंड 3 औंस 4 ड्रॅम. तुमच्या विभागातल्या आधीच्या नऊ खुंट्यांपैकी कुणाचंच एवढं नाही. बोटींनी सगळ्यांनाच झोडपलंय. छाती थोडी फुगते. लॉकच्या खाली बसून!

तराजू 32कडे सरकतो. म्हाताऱ्याचे शेवटचे दोन तास कोरडे गेलेले दिसतात. मासे तुमच्याकडे सरकले होते ना. काटा थरथरतो. वही धरणारा वाकून बघतो, पुन्हा बघतो. 1 पौंड 3 औंस 10 ड्रॅम.

सहा ड्रॅम म्हणजे साडेदहा ग्रॅम, तोळाभरसुद्धा नाही. लहान गजन तेवढाच भरतो.

विभागात बक्षीस फक्त पहिल्याला आहे.