दिनविशेष : ३१ ऑगस्ट १९८०, इलेक्ट्रिशियनची सही

पोलंडमधील ग्दान्स्क येथील लेनिन गोदी. संपकऱ्यांशी झालेल्या करारावर सरकारच्या वतीने उपपंतप्रधान सहीला बसलेले आणि शेजारी झुपकेदार मिशांचा इलेक्ट्रिशियन, लेक वालेसा. त्याने पेन काढले तेही भलेमोठे, पोप जॉन पॉल दुसरे यांचे चित्र असलेले, जत्रेत मिळावे तसले!

वालेसा १९६७ पासून या गोदीत कामाला होता. चळवळीपायी १९७६ मध्ये त्याची नोकरी गेली. निवृत्तीला काही महिने उरले असताना आन्ना वालेन्तिनोविच या क्रेनचालक बाईंना काढले, म्हणून १४ ऑगस्ट १९८० ला संप पेटला. कुंपणावरून उडी मारून आपण आत शिरलो, असे वालेसा सांगतो. एकवीस मागण्या लाकडी फळ्यांवर रंगवून फाटकावर टांगल्या गेल्या; त्यांतली पहिलीच स्वतंत्र कामगार संघटनेची. ती मान्य झाली आणि ‘सॉलिडॅरिटी’ या नव्या संघटनेची सभासदसंख्या बघता बघता कोटीच्या घरात गेली.

तेव्हा वालेसाच्या घरात सहा मुले, धाकटी तान्ही. पुढे आठ झाली.

कुटुंबवत्सल म्हणून वालेसाचे कौतुक होते. खरे तर संसार ओढला तो पत्नी दानूताने. पुढे सरकारने त्याला नजरकैदेत ठेवले असताना सातवे अपत्य जन्मले. त्याला मिळालेले १९८३ चे शांततेचे नोबेल घ्यायलाही तीच थोरल्या मुलासह ओस्लोला गेली, कारण वालेसा देशाबाहेर पडला तर त्याला परत घेतील याची खात्री नव्हती. या साऱ्यातला एकटेपणा तिने २०११ मध्ये आत्मचरित्रात मोकळेपणाने मांडला.

१९९० मध्ये वालेसा राष्ट्राध्यक्ष झाला. १९९५ ची निवडणूक हरल्यावर काही काळ पुन्हा गोदीत हजर, इलेक्ट्रिशियन म्हणूनच.